प्रेसिडेंट्स चषक, २०१५

प्रेसिडेंट्स चषक, २०१५ ही व्यावसायिक पुरुष गोल्फपटूंची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा ८ ते ११ ऑक्टोबर २०१५ या काळात दक्षिण कोरियातील इंचॉन शहराच्या सोंगदो भागात, जॅक निकलस गोल्फ क्लबच्या मैदानावर झाली. अमेरिकेचा संघ एका बाजूस आणि युरोप वगळून उर्वरित जगाचा ‘आंतरराष्ट्रीय संघ’ दुसऱ्या बाजूस, अशी या स्पर्धेची रचना असते. प्रेसिडेंट्स चषकाची ही अकरावी खेप होती आणि आशिया खंडात ती प्रथमच भरली. अमेरिकेने १५½–१४½ अशा गुणांनी, म्हणजे अवघ्या एका गुणाच्या फरकाने, ती जिंकली. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी हा या स्पर्धेत खेळलेला पहिला भारतीय होय. अखेरच्या दिवशी त्याचा हुकलेला चारेक फुटांचा पट आणि यजमान देशाच्या बे सांग-मून याचा शेवटच्या होलावर फसलेला फटका, या दोन प्रसंगांमुळे ही स्पर्धा गोल्फप्रेमींच्या स्मरणात राहिली आहे.

पार्श्वभूमी

गोल्फमधील सांघिक स्पर्धांत सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाते ती १९२७ पासून चालत आलेली रायडर चषक स्पर्धा. प्रारंभी ती अमेरिका व ग्रेट ब्रिटन यांच्यात होत असे. १९७९ पासून ब्रिटनच्या जागी संपूर्ण युरोपचा संघ उतरू लागला. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, जपान, फिजी अशा देशांतील नामवंत खेळाडूंना सांघिक स्पर्धेचे व्यासपीठच उरले नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात प्रेसिडेंट्स चषकाचा आरंभ झाला. विजेत्यांना रोख बक्षीस दिले जात नाही. स्पर्धेच्या उत्पन्नातून निरनिराळ्या देशांतील धर्मादाय कार्यांना देणग्या दिल्या जातात.

आंतरराष्ट्रीय संघाने २०१५ पूर्वीच्या दहा खेपांपैकी एकच जिंकली होती, ती १९९८ साली मेलबर्न येथे, २०½–११½ अशा मोठ्या फरकाने. आठ वेळा अमेरिका विजयी झाली. उरलेली एक खेप, २००३ ची दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज येथील, १७–१७ अशी बरोबरीत सुटली आणि तिची हकिगत सांगण्यासारखी आहे. बरोबरी फोडण्यासाठी अमेरिकेचा टायगर वूड्स आणि दक्षिण आफ्रिकेचा एर्नी एल्स यांना पुन्हा मैदानात उतरविण्यात आले. तीन जादा होल खेळूनही दोघे समान राहिले, सूर्य मावळला, चेंडू दिसेनासा झाला. तेव्हा जॅक निकलस आणि गॅरी प्लेअर या दोन्ही कर्णधारांनी आपसांत विचारविनिमय करून चषक दोघांत वाटून घेण्याचे ठरविले. कुस्त्यांच्या मैदानात दोन तोलामोलाचे मल्ल तास-दीड तास झुंजल्यावर पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवावी, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, की येथे निर्णय पंचांनी न देता वस्तादांनीच दिला.

त्याच स्पर्धेत झिंबाब्वेच्या निक प्राइसने आपल्या एकेरी सामन्याच्या शेवटच्या होलावर पट हुकविला आणि रागाच्या भरात पटर गुडघ्यावर आपटून मोडला. बारा वर्षांनी सोंगदो येथे हाच प्राइस आंतरराष्ट्रीय संघाचा कर्णधार होता.

यजमानपद दक्षिण कोरियाकडे जावे यास कारणे होती. १९९८ मध्ये पाक से-री हिने अमेरिकन महिला खुली स्पर्धा जिंकल्यापासून त्या देशात गोल्फची लाट आली होती. २००९ मध्ये यांग याँग-उन याने टायगर वूड्सला मागे टाकून पी.जी.ए. अजिंक्यपद मिळविले आणि पुरुषांची प्रमुख स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नाव कमावले. सोंगदो हा समुद्र हटवून निर्माण केलेल्या जमिनीवर वसविलेला नवा भाग. तेथील मैदानाची आखणी निकलस याने केली असून ते २०१० मध्ये खुले झाले. राष्ट्राध्यक्षा पाक ग्युन-हे स्पर्धेच्या मानद अध्यक्षा होत्या.

सामन्यांची पद्धत

महाराष्ट्रात गोल्फ हा खेळ नवा नाही. मुंबईत १८४२ सालीच गोल्फ क्लब स्थापन झाला होता. परंतु तो लष्करी छावण्या आणि मोजके क्लब यांच्या कुंपणाबाहेर फारसा आला नाही. कोल्हापूर, सांगली या कुस्तीच्या, कबड्डीच्या, फुटबॉलच्या मुलखातील वाचकाला गुणफलक पाहून काही बोध होणे कठीण, म्हणून येथे थोडे विवेचन आवश्यक आहे.

गोल्फच्या बहुतेक स्पर्धा ‘स्ट्रोक प्ले’ पद्धतीच्या असतात: प्रत्येक खेळाडूने अठरा होल पूर्ण करण्यास घेतलेल्या फटक्यांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. प्रेसिडेंट्स चषकात ‘मॅच प्ले’ पद्धत वापरतात. येथे बेरजेला महत्त्व नाही. दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर असतात. ज्याने एखादा होल कमी फटक्यांत पुरा केला त्याने तो होल जिंकला, समान फटके लागले तर होल बरोबरीत. एका होलावर एकाला चार आणि दुसऱ्याला नऊ फटके लागले, तरी तोटा एकाच होलाचा. म्हणून मॅच प्लेमध्ये धाडस परवडते. एखाद्याची आघाडी उरलेल्या होलांपेक्षा अधिक झाली, की सामना तेथेच संपतो. निकाल ‘३ व २’ असा लिहिला असेल तर तीन होलांची आघाडी असताना दोनच होल शिल्लक होते, असे समजावे. ‘१ अप’ म्हणजे अठराव्या होलापर्यंत सामना रंगून एका होलाने सुटला. जिंकणाऱ्यास एक गुण, बरोबरी झाल्यास प्रत्येकी अर्धा.

सामन्यांचे तीन प्रकार असतात. ‘फोरसम्स’मध्ये दोघा जोडीदारांना मिळून एकच चेंडू असतो आणि ते आळीपाळीने फटके मारतात; एकाची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागते. ‘फोरबॉल’मध्ये चारही खेळाडू आपापला चेंडू खेळतात आणि जोडीतील ज्याचे फटके कमी ते जोडीचे धरले जातात. शेवटच्या दिवशी बाराही खेळाडू एकेरी सामने खेळतात. ग्रीनवरील गवत बारीक कापलेले असते. तेथे चेंडू जमिनीलगत हळुवार घरंगळवत होलात घालण्याच्या फटक्याला पट म्हणतात आणि त्यासाठी वापरायच्या काठीला पटर. चेंडू होलाच्या अगदी जवळ असेल तर प्रतिस्पर्धी तो पट ‘सोडून’ देऊ शकतो, म्हणजे न मारताच तो गेला असे मानतो. सोडायचा की मारायला लावायचा, हा सर्वस्वी प्रतिस्पर्ध्याच्या मर्जीचा प्रश्न. १९६९ च्या रायडर चषकात अखेरच्या होलावर टोनी जॅकलिन याचा सुमारे दोन फुटांचा पट निकलसने असाच सोडला. त्यामुळे संपूर्ण स्पर्धा १६–१६ अशी बरोबरीत सुटली आणि निकलसचा स्वतःचा कर्णधार सॅम स्नीड त्याच्यावर नाराज झाला. खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून तो प्रसंग आजही सांगितला जातो. मात्र दोन फुटांचा पट सुटतो. चार फुटांचा सहसा सुटत नाही.

प्रेसिडेंट्स चषकाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. रायडर चषकात दोन्ही कर्णधार आपापल्या याद्या गुप्तपणे देतात आणि जोडी कोणाशी पडेल हे नंतर कळते. येथे कर्णधार समोरासमोर बसून आळीपाळीने नावे पुकारतात. त्यामुळे अमक्यासमोर तमका, अशी जोड ठरवून लावता येते. कोल्हापूरकरांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

गुणसंख्येचा वाद

आधीच्या काही खेपांत एकूण ३४ गुणांसाठी खेळ होत असे. सामने अधिक असले की प्रत्येक खेळाडूला वारंवार उतरवावे लागते आणि ज्या संघात पहिल्या फळीचे खेळाडू अधिक, त्याचे पारडे जड होते, असा निक प्राइसचा युक्तिवाद होता. गुणसंख्या रायडर चषकाप्रमाणे २८ वर आणावी, अशी त्याची मागणी होती. अखेर मध्यम मार्ग निघून ती ३० करण्यात आली: गुरुवारी पाच फोरसम्स, शुक्रवारी पाच फोरबॉल, शनिवारी सकाळी चार फोरसम्स व दुपारी चार फोरबॉल, रविवारी बारा एकेरी. एकेरीपूर्वी प्रत्येक खेळाडूने किमान दोन सामने खेळले पाहिजेत, असा दंडक ठेवण्यात आला. मागील अनेक खेपा एकतर्फी झाल्या होत्या आणि ही एका गुणावर गेली. प्राइसच्या आग्रहात तथ्य होते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा आहे.

संघ

अमेरिकेचा कर्णधार जे हास होता. त्याच्या संघात जॉर्डन स्पीथ, बब्बा वॉटसन, जिमी वॉकर, झॅक जॉन्सन, रिकी फाउलर, डस्टिन जॉन्सन, पॅट्रिक रीड, मॅट कुचर आणि ख्रिस कर्क होते. जिम फ्युरिक मनगटाच्या दुखापतीमुळे गळाला व त्याच्या जागी जे.बी. होम्स आला. कर्णधाराच्या पसंतीच्या दोन जागांवर फिल मिकेलसन आणि बिल हास यांची निवड झाली. बिल हा कर्णधाराचा मुलगा. वडिलांनी मुलाची निवड केली की भुवया उंचावणारच. त्या निवडीचा हिशेब रविवारी संध्याकाळी चुकता व्हायचा होता.

आंतरराष्ट्रीय संघात ऑस्ट्रेलियाचे जेसन डे, ॲडम स्कॉट, मार्क लीशमन व स्टीव्हन बाउडिच; दक्षिण आफ्रिकेचे लुई ऊस्टहाउझेन, ब्रँडन ग्रेस व चार्ल श्वार्ट्झल; जपानचा हिदेकी मात्सुयामा; थायलंडचा थोंगचाय जैदी; न्यूझीलंडचा डॅनी ली, जो मूळचा इंचॉनचाच; भारताचा अनिर्बन लाहिरी; आणि दक्षिण कोरियाचा बे सांग-मून असे बारा जण होते. बाउडिच आणि बे हे कर्णधाराच्या पसंतीचे खेळाडू. त्या वर्षीच्या चारही प्रमुख स्पर्धांचे विजेते सोंगदोत उपस्थित होते: मास्टर्स आणि अमेरिकन खुली या दोन्ही स्पर्धा जिंकलेला स्पीथ, ब्रिटिश खुल्या स्पर्धेचा विजेता झॅक जॉन्सन आणि पी.जी.ए. अजिंक्यपद मिळविलेला डे.

बे सांग-मून याची निवड सर्वांत अधिक चर्चिली गेली. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषांना सुमारे एकवीस महिन्यांची लष्करी सेवा सक्तीची होती. अमेरिकेत वास्तव्य असल्याच्या आधारे बे ती पुढे ढकलत आला होता. परदेशी राहण्याची मुदतवाढ सरकारने नाकारली, तो न्यायालयात गेला आणि २०१५ च्या जुलैमध्ये हरला. स्पर्धा आटोपताच गणवेश चढवायचा, हे ठरलेले होते. ऑलिंपिक पदक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक मिळविणाऱ्यास या सेवेतून सूट मिळते. प्रेसिडेंट्स चषकासाठी तशी तरतूद नाही. म्हणजे बे जे काही खेळणार होता ते केवळ घरच्या प्रेक्षकांसमोर मान राखण्यासाठी.

अनिर्बन लाहिरी

लाहिरीचा जन्म २९ जून १९८७ रोजी पुण्यात झाला. वडील सैन्यदलात डॉक्टर. गोल्फचे पहिले धडे त्याने त्यांच्याकडूनच घेतले. भारतात सामान्य घरातील मुलाला या खेळाची दारे उघडी होतात ती बहुधा लष्करी छावणीच्या मैदानामुळे, नाही तर कॅडी म्हणून काम केल्यामुळे. लाहिरी पहिल्या वाटेने आला. २००६ च्या दोहा आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात तो होता. पुढच्या वर्षी तो व्यावसायिक झाला. विजय दिवेचा हे त्याचे प्रशिक्षक. २०१४ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०१५ हे वर्ष त्याच्या कारकिर्दीतील बहराचे ठरले. फेब्रुवारीत त्याने मलेशियन खुली आणि पाठोपाठ इंडियन खुली स्पर्धा जिंकली. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील व्हिस्लिंग स्ट्रेट्स येथील पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. प्रमुख स्पर्धेत तोवर कोणाही भारतीयाला इतके वर जाता आले नव्हते. आंतरराष्ट्रीय संघातील पहिल्या दहा जागा त्या वेळी जागतिक क्रमवारीनुसार भरल्या जात होत्या आणि लाहिरीने आपली जागा क्रमवारीवरच मिळविली, कर्णधाराच्या पसंतीवर नव्हे. त्यापूर्वी जीव मिल्खा सिंग, अर्जुन अटवाल यांच्यासारख्या भारतीयांनी परदेशात मोठी कामगिरी केली होती, पण प्रेसिडेंट्स चषकाच्या संघात त्यांपैकी कोणाचा समावेश झाला नव्हता.

पहिले तीन दिवस

गुरुवारचा दिवस आंतरराष्ट्रीय संघाला फारच वाईट गेला. पाचपैकी चार फोरसम्स अमेरिकेने जिंकले. लाहिरी आणि जैदी ही जोडी फाउलर व वॉकर यांच्याकडून ५ व ४ अशी पराभूत झाली. ऊस्टहाउझेन आणि ग्रेस यांनी कुचर व रीड यांना ३ व २ असे हरवून एकमेव गुण मिळविला. हे दोघे दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याकडील, लहानपणापासूनचे स्नेही. पुढील तीन दिवसांत ही जोडी कोणालाच फोडता आली नाही.

शुक्रवारी चित्र पालटले. ऊस्टहाउझेन व ग्रेस यांनी स्पीथ आणि डस्टिन जॉन्सन या जबरदस्त जोडीला ४ व ३ असे नमविले. श्वार्ट्झल व जैदी यांनीही आपला सामना जिंकला. बे आणि डॅनी ली यांनी फाउलर–वॉकर यांच्याविरुद्धचा सामना अठराव्या होलावर जिंकला. बेने निर्णायक पट टाकताच यजमान प्रेक्षकांना आवरणे अवघड झाले.

त्याच दिवशी नियमांचा एक विचित्र घोटाळा झाला. एकच फेरी खेळताना चेंडूचा प्रकार बदलायचा नाही, असा या स्पर्धेत दंडक होता. मिकेलसनने सातव्या होलावर त्याच कंपनीचा, पण थोडा अधिक टणक चेंडू वापरला. शंका येताच त्याने स्वतःच पंचांना विचारले. नियमानुसार सामन्याच्या स्थितीत एका होलाची कपात व्हायला हवी होती; परंतु पंचांनी त्याला तो होल पुढे खेळण्यासही मनाई केली. एकटा पडलेला झॅक जॉन्सन तो होल हरला. एकाच होलावर अमेरिकेला दोन होलांचा फटका बसला. मनाई करण्यात चूक झाल्याचे अधिकाऱ्यांनी नंतर मान्य केले, पण खेळ पुढे गेलेला असल्याने निर्णय फिरविता आला नाही. डे व स्कॉट यांच्याविरुद्धचा तो सामना अखेर बरोबरीत सुटला. स्पर्धेचा निकाल एका गुणाने लागला हे ध्यानात घेता, अमेरिका हरली असती तर या अर्ध्या गुणावरून केवढे रण माजले असते याची कल्पना करता येते.

शुक्रवारअखेर अमेरिका ५½–४½ अशी पुढे होती. शनिवारी सकाळचे चार गुण २–२ आणि दुपारचेही २–२ असे वाटले गेले. ऊस्टहाउझेन–ग्रेस सकाळी जिंकले आणि दुपारीही. मात्सुयामा आणि बे यांच्या जोडीने सकाळी बरोबरी साधली आणि दुपारी मोठ्या फरकाने विजय मिळविला. लाहिरीला शनिवारीही पराभव पत्करावा लागला. रविवारी सकाळी फलकावर अमेरिका ९½, आंतरराष्ट्रीय संघ ८½ असे आकडे होते.

रविवार, ११ ऑक्टोबर

बारा एकेरी सामन्यांचे बारा गुण शिल्लक होते. स्कॉटने फाउलरला ६ व ५ असे सहज लोळविले. मिकेलसनने श्वार्ट्झलवर ५ व ४ अशी मात करून त्याची भरपाई केली. डस्टिन जॉन्सनने ली याला २ व १ असे हरविले. मात्सुयामाने होम्सला १ अप, बाउडिचने वॉकरला २ अप. ऊस्टहाउझेन व रीड यांची बरोबरी झाली. झॅक जॉन्सनकडून डे ३ व २ असा हरला, तर लीशमनने स्पीथला १ अप असे हरवून दिवसातील मोठा धक्का दिला. ग्रेसने कुचरला २ व १ असे नमवून पाचही सामने जिंकण्याचा पराक्रम पूर्ण केला. वॉटसन–जैदी सामन्यात वॉटसनने अठराव्या होलावर छोटा पट हुकविला आणि हातातील पूर्ण गुणाचा अर्धा केला. ही गोष्ट मुद्दाम नोंदवायची ती अशासाठी, की लाहिरीच्या चुकीची चर्चा फार झाली, वॉटसनच्या चुकीची फारशी झाली नाही. हिशेबात दोन्हींची किंमत सारखीच, अर्धा गुण. जिंकणाऱ्याच्या चुका लोक विसरतात.

लाहिरीसमोर ख्रिस कर्क होता. सतरा होल संपले तेव्हा दोघे समसमान होते. अठरावा होल पार ५ चा, म्हणजे पाच फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला लांब होल. लाहिरीचा चेंडू होलापासून चारेक फुटांवर येऊन थांबला. कर्कचा सुमारे पंधरा फूट दूर होता. दोघांनाही बर्डीची, म्हणजे चार फटक्यांत होल संपविण्याची, संधी होती. पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने पारडे उघडपणे लाहिरीकडे झुकलेले होते. प्रथम मारायचे ते कर्कने, कारण ज्याचा चेंडू दूर त्याची पाळी आधी. कर्कने पंधरा फुटांचा पट सरळ होलात घातला. आता लाहिरीला जिंकण्यासाठी नव्हे, तर बरोबरी राखण्यासाठी पट मारायचा होता. काही क्षणांपूर्वी जो पट विजयाचा होता तोच आता पराभव टाळण्याचा झाला. अंतर तेवढेच राहिले, वजन मात्र बदलले. चेंडू होलाच्या कडेला लागला आणि वळसा घेऊन बाहेर आला. कर्क १ अप.

त्या क्षणी इतर सामने चालू होते आणि या अर्ध्या गुणाचे मोल कोणालाच पुरते उमगले नसेल. नंतर बेरीज मांडली तेव्हा ते स्पष्ट झाले: तो चेंडू आत गेला असता आणि बाकी सर्व निकाल होते तसेच राहिले असते, तर दोन्ही संघांचे पंधरा-पंधरा गुण झाले असते. तथापि एका पटावर स्पर्धा गेली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ग्रेस–ऊस्टहाउझेन जोडीचे चार विजय वगळले तर आंतरराष्ट्रीय संघाला पहिल्या तीन दिवसांत चौदा सामन्यांतून जेमतेम साडेचार गुण मिळाले होते. संघाचा सर्वांत मोठा आधारस्तंभ डे याला पाच सामन्यांत एकही विजय मिळाला नव्हता.

मैदानात शेवटची जोडी उरली ती बिल हास आणि बे सांग-मून यांची. वस्तादाने आपल्याच मुलाला अखेरच्या जोडीत उतरवावे आणि सगळे मैदान त्याच एका कुस्तीवर येऊन थांबावे, तसे हे घडले. अठराव्या होलाच्या आरंभी हास एका होलाने पुढे होता. बेने होल जिंकला असता तर सामना बरोबरीत सुटून चषकही १५–१५ असा बरोबरीत राहिला असता. बेचा चेंडू ग्रीनच्या अलीकडे, चढाच्या पायथ्याशी होता. तेथून त्याला तो हलका उचलून ग्रीनवर टाकायचा होता. फटका अर्धवट बसला. चेंडू चढावर थोडा वर गेला आणि परत घरंगळत त्याच्याच पायाशी आला. बे डोके धरून खाली वाकला. दुसरीकडे हासने वाळूच्या बंकरमधून चेंडू उत्तम बाहेर काढला होता. पुढच्या फटक्यानेही बेला काही साधले नाही, तेव्हा त्याने होल सोडून दिला. हास २ अप असा विजयी झाला आणि वडिलांच्या संघाला शेवटचा, निर्णायक गुण मिळाला. एकेरीचे बारा गुण ६–६ असे विभागले गेले. शनिवारअखेरची एका गुणाची आघाडीच अमेरिकेच्या कामी आली.

वैयक्तिक कामगिरी

ब्रँडन ग्रेसने पाचपैकी पाच सामने जिंकले. प्रेसिडेंट्स चषकाच्या एकाच खेपेत असे करणारा तो पाचवा खेळाडू. त्याआधी मार्क ओमिरा, शिगेकी मारुयामा, टायगर वूड्स आणि जिम फ्युरिक यांनी ही किमया केली होती. ऊस्टहाउझेन चार विजय व एक बरोबरी घेऊन अपराजित राहिला. अमेरिकेकडून मिकेलसन तीन विजय व एक बरोबरी अशा कामगिरीने अपराजित राहिला. क्रमवारीवर जागा न मिळाल्याने त्याला कर्णधाराच्या पसंतीवर घ्यावे लागले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लाहिरी तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला.

पुढील काळ

बे सांग-मून नोव्हेंबर २०१५ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सेवामुक्त होऊन गोल्फकडे परतला.

२०१७ च्या न्यू यॉर्कनजीकच्या खेपेसाठी प्राइसने लाहिरीला पुन्हा संघात घेतले, या वेळी कर्णधाराच्या पसंतीवर. ती स्पर्धा अत्यंत एकतर्फी झाली. शनिवारी संध्याकाळी अमेरिका विजयापासून अगदी एका पावलावर होती. एकेरी सामने सुरू होण्यापूर्वीच निकाल लागण्याची नामुष्की आंतरराष्ट्रीय संघावर येऊ घातली होती. अखेरच्या फोरबॉलमध्ये लाहिरी आणि कोरियाचा किम सी-वू यांनी चार्ली हॉफमन व केव्हिन चॅपेल यांना १ अप असे हरविले आणि निकाल रविवारवर ढकलला. मोक्याच्या होलांवर लाहिरीने साधलेल्या बर्डींचा त्यात मोठा वाटा होता. स्पर्धा अमेरिकेने १९–११ अशी जिंकली.

२०१९, २०२२ आणि २०२४ या खेपांतही अमेरिकाच विजयी झाली. या तिन्ही खेपांत आंतरराष्ट्रीय संघात एकही भारतीय नव्हता. लाहिरी २०१६ च्या रिओ आणि २०२० च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला. टोकियोत त्याच्यासोबत पुण्याचा उदयन माने होता. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील प्लेअर्स अजिंक्यपद स्पर्धेत लाहिरी विजेत्या कॅमेरॉन स्मिथच्या मागे केवळ एका फटक्याने दुसरा आला. त्याच वर्षी तो सौदी अरेबियाच्या अर्थबळावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ मालिकेत दाखल झाला. त्या मालिकेतील खेळाडूंना प्रेसिडेंट्स चषकाच्या संघात स्थान न देण्याचे धोरण असल्याने २०२२ च्या निवडीसाठी त्याचा विचार होऊ शकला नाही.